बाईकला कॅमेरा लावून रस्त्याचा व्हिडिओ काढताय? मोबाईल खराब होण्याआधी अन् जिवावर बेतण्याआधी हे वाचा

वाशीम : पाऊस लागला की आपल्या जिल्ह्यातले रस्ते बघण्यासारखे होतात. दोन्ही बाजूंनी सोयाबीनचं हिरवं वावर, मधे तुरीच्या ओळी, लांबवर टेकड्या अन् नाल्याला आलेलं पाणी. हे सगळं मोबाईलमध्ये घ्यावं असं कोणालाही वाटतं. त्यामुळे आता गावागावात पोरं बाईकच्या हँडलला मोबाईल बांधून व्हिडिओ काढताना दिसतात.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे हादऱ्याने मोबाईलचा कॅमेराच कामातून जातो. दुसरी त्याहून मोठी : चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरून स्क्रीनवर जातं. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी महागडं सामान लागतंच असं नाही, पण थोडी माहिती अन् निघण्याआधी अर्धा तास लागतो. ती माहिती एकाच ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

हँडलला मोबाईल का लावू नये?

आजकालच्या बऱ्याच मोबाईलमध्ये ओआयएस नावाची सोय असते. आपला हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याची लेन्स आत अगदी बारीक स्प्रिंग अन् चुंबकाच्या आधारावर तरंगती ठेवलेली असते. हात उजवीकडे हलला की लेन्स डावीकडे सरकते. ही यंत्रणा हाताच्या हलक्या थरथरीसाठी बनवलेली आहे, इंजिनच्या हादऱ्यासाठी नाही.

हिशोब करून बघा. इंजिन ५००० आरपीएमवर फिरतंय म्हणजे मिनिटाला ५००० फेरे, सेकंदाला जवळपास ८३. तितके झटके सेकंदाला हँडलमधून थेट फोनमध्ये जातात. १००-१२५ सीसीच्या आपल्या रोजच्या गाड्या असोत की बुलेट, त्यांचं इंजिन एकाच सिलिंडरचं असतं, त्यामुळे हादरा चांगलाच जाणवतो. तास-दोन तास हे चाललं की ती बारीक यंत्रणा ढिली पडू शकते. मग फोटो अस्पष्ट येतात, फोकस धरत नाही, कॅमेरा चालू केला की चित्र आपोआप थरथरतं.

ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं की मोटरसायकलच्या जोरदार हादऱ्याने आयफोनच्या कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं, त्यामुळे मोठ्या इंजिनच्या गाडीला फोन थेट लावू नये. लहान मोपेड अन् इलेक्ट्रिक स्कूटरसाठीसुद्धा हादरा शोषणारा होल्डर वापरा आणि फार वेळ लावून ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं. हीच यंत्रणा इतर कंपन्यांच्या मोबाईलमध्येही असते, म्हणून धोका आयफोनवाल्यांनाच आहे असं समजू नका.

तुमच्या फोनमध्ये ओआयएस आहे का हे कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून कॅमेऱ्याच्या माहितीत बघता येतं. ओआयएस नसलेल्या फोनला धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. फोकस करणारी लेन्स त्यातही हलणारीच असते. घरातला एकच फोन असेल, त्यावरच बँकेचा ओटीपी, पीक विम्याचे मेसेज अन् पोरांचा अभ्यास चालत असेल, तर तो हँडलला न बांधलेलाच बरा.

मग व्हिडिओ काढायचा कशाने?

चार मार्ग आहेत. स्वस्तापासून सुरुवात करू.

पहिला, मागे बसलेल्याने हातात फोन धरून काढणं. माणसाचं शरीर हादरा गिळतं, त्यामुळे फोनला इजा नाही अन् चित्रही बरं येतं. अट एवढीच : मागच्याने एका हाताने गाडी पक्की धरायची, हेल्मेट घालायचं, उभं राहायचं नाही अन् उलटं तोंड करून बसायचं नाही. फोनची दोरी मनगटात अडकवा.

दुसरा, छातीचा पट्टा. त्यात फोन किंवा छोटा कॅमेरा छातीसमोर बसतो. इथेही शरीर मधे असल्याने हादरा कमी लागतो. हँडल, टाकीचा थोडा भाग, दोन्ही हात अन् समोरचा रस्ता असं चित्र मिळतं. बघणाऱ्याला आपणच गाडी चालवतोय असं वाटतं. एक तोटा : पडलात तर ती टणक वस्तू छातीला लागते. म्हणून जाड जॅकेटवरून लावा अन् वेग कमी ठेवा.

तिसरा, जुना पडून असलेला फोन. सिमकार्ड काढून तोच कॅमेरा म्हणून वापरा. खराब झाला तरी रोजचं काम अडणार नाही.

चौथा, अ‍ॅक्शन कॅमेरा. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६० या कंपन्यांचे कॅमेरे याच कामासाठी बनतात. यात साधारणपणे लेन्स तरंगती नसते, फोकसही पक्का बसवलेला असतो. आत हलणारा भागच नसेल तर हादऱ्याने बिघडणार काय? चित्र स्थिर करण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. कॅमेरा किती हलला हे आतला सेन्सर मोजतो अन् त्या हिशोबाने चित्राच्या कडा कापून मधला भाग जागेवर ठेवला जातो. गोप्रोने २०१८ मध्ये हिरो ७ ब्लॅकमध्ये ही सोय चांगली जमवली अन् तेव्हापासून बाईकवाल्यांचं काम सोपं झालं. किंमत मात्र चांगल्या फोनएवढी जाते. एखाद-दुसऱ्या व्हिडिओसाठी घेऊ नका. आधी पट्टा लावून चार-सहा व्हिडिओ काढून बघा, मग ठरवा.

कॅमेरा कुठे लावला तर काय दिसतं?

हँडल : लावायला सोपं. पण हँडल वळलं की कॅमेराही वळतो, त्यामुळे वळणावर चित्र डोलतं. हादराही जास्त.

टाकी किंवा हेडलाइटजवळची चौकट : हँडल फिरलं तरी कॅमेरा गाडीच्या दिशेनेच बघतो. घाटातल्या वळणांसाठी ही जागा चांगली.

लेग गार्ड : कॅमेरा जमिनीजवळ येतो. रस्ता अंगावर धावून आल्यासारखा दिसतो. धूळ, चिखल अन् खडे मात्र इथेच जास्त उडतात.

मागचं कॅरिअर : मागे पडत जाणारा रस्ता, धूळ अन् मावळतीचं ऊन टिपायला छान. मात्र नंबर प्लेट, मागचा दिवा अन् इंडिकेटर झाकता कामा नये.

हेल्मेट : मान वळेल तिकडे चित्र वळतं, म्हणून पुष्कळ जण हेच करतात. पण हेल्मेट आपटल्यावर रस्त्यावरून घसरत जावं म्हणून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवलेला असतो. त्यावर टणक वस्तू चिकटवली तर ती कुठेतरी अडकून मानेला झटका बसू शकतो. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटला कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाई करू असं जाहीर केलं ते याच कारणाने. भोकं पाडून तर काहीच बसवू नका. हेल्मेटची ताकद तिथेच संपते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. व्हिडिओत वेग दिसतो तो अ‍ॅक्सिलरेटरमुळे नाही, कॅमेऱ्याच्या उंचीमुळे. कॅमेरा जितका खाली, जितका रस्त्याच्या कडेच्या गवताजवळ अन् लेन्स जितकी रुंद, तितका वेग जास्त वाटतो. लेग गार्डला लावलेल्या कॅमेऱ्यात ४० चा वेगसुद्धा जोरात दिसतो. उंचावर लावलेल्या कॅमेऱ्यात ८० सुद्धा संथ वाटतो. त्यातूनही कमी वाटलं तर एडिटिंगमध्ये व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवता येतो. वेग पाहिजे तर मोबाईलमध्ये वाढवा, रस्त्यावर नाही.

पक्का कसा बांधायचा?

चिकटणारा पॅड वापरणार असाल तर जागा आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसून कोरडी करा. पॉलिशचा किंवा तेलाचा थर राहिला तर पॅड सुटतो. खरखरीत प्लास्टिक अन् रबरावर तो धरत नाही. चिकटवल्यावर २४ तास तसाच राहू द्या, मग कॅमेरा बसवा. सकाळी चिकटवून दुपारी निघालं तर खड्ड्यात कॅमेरा गेलाच समजा.

पाइपला कसायचा क्लॅम्प असेल तर खाली रबराची पट्टी, म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, गुंडाळा. पकड घट्ट बसते, पाइपवर ओरखडे पडत नाहीत अन् हादराही थोडा कमी होतो. क्लॅम्पपासून कॅमेऱ्यापर्यंतचा दांडा जितका आखूड तितकं बरं. लांब दांड्यावरचा कॅमेरा झाडाच्या फांदीसारखा हलतो.

काहीही लावलं तरी एक मजबूत दोरी कॅमेऱ्याला अन् गाडीच्या पाइपला वेगळी बांधा. माउंट तुटला तरी कॅमेरा रस्त्यावर पडून मागच्या गाडीखाली जाणार नाही. दोरी एवढी आखूड ठेवा की सुटलेला कॅमेरा चाकापर्यंत पोचणार नाही. बांधून झालं की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. क्लच, ब्रेक अन् अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरला काही अडत असेल तर जागा बदला. पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर थांबून सगळे स्क्रू परत कसा.

सेटिंग काय ठेवायची?

फोन असो की कॅमेरा, १०८०पी पुरेसं आहे. आपला व्हिडिओ बहुतेक लोक मोबाईलवरच बघतात. ४के घेतलं तर कार्ड लवकर भरतं अन् साध्या फोनवर एडिटिंग अडकतं.

सेकंदाला किती चित्रं, म्हणजे एफपीएस, २५ किंवा ३० ठेवा. संथ गतीत दाखवायचं असेल तेवढ्यापुरतं ५० किंवा ६० करा. गावातून, बाजारातून किंवा रात्री जाणार असाल तर २५ किंवा ५० बरं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ३० वर ठेवलं तर दिवे लुकलुकताना दिसू शकतात. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर नावाची सेटिंग असते, ती ५० हर्ट्झवर ठेवा.

कधी कधी व्हिडिओत विजेचे खांब वाकडे, जेलीसारखे थरथरताना दिसतात. त्याचं कारण असं की सेन्सर सगळं चित्र एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तेवढ्यात हादरा बसला की वरची ओळ एका जागी अन् खालची दुसऱ्या जागी पडते. हा दोष सेटिंगने पूर्ण जात नाही. उपाय बांधणीतच आहे : आखूड दांडा, खाली रबर अन् इंजिनवर ताण येणार नाही असा गिअर.

स्थिरीकरणाची सोय दिवसा चालू ठेवा. संध्याकाळी उजेड कमी झाला की तीच सोय चित्र फरफटल्यासारखं करते, तेव्हा कमी करा. कॅमेरा असा धरा की आकाश वरच्या एक तृतीयांश भागातच येईल. आकाश जास्त आलं की रस्ता काळा पडतो. अन् हँडलचा किंवा आरशाचा थोडा भाग चित्रात राहू द्या, नाहीतर गाडी चाललीय की ड्रोन उडतोय हेच बघणाऱ्याला कळत नाही.

कार्ड, बॅटरी, ऊन अन् पाणी

कॅमेऱ्याचा बिटरेट २० एमबीपीएस असेल तर तासाला साधारण ९ जीबी लागतात. ६० एमबीपीएस असेल तर २७ जीबी, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दोन-सव्वादोन तासांत भरतं. कार्ड घेताना त्यावर यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं बघा. याचा अर्थ ते सेकंदाला कमीत कमी ३० एमबी लिहू शकतं. हळू कार्डात रेकॉर्डिंग मधेच बंद पडतं अन् आपल्याला घरी आल्यावर कळतं.

सलग तासभर रेकॉर्ड करण्यापेक्षा चांगल्या पट्ट्यात पाच-दहा मिनिटांचे तुकडे काढा. बॅटरी वाचते अन् नंतर शोधाशोध कमी होते.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. अ‍ॅपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुपारी फोन उघड्यावर लावला तर तो तापून बंद पडला यात नवल नाही. सकाळी ९ च्या आत काम उरका.

पावसात कॅमेरा वॉटरप्रूफ असला तरी लेन्सवर थेंब बसला की सगळा व्हिडिओ वाया. खिशात सुती रुमाल ठेवा अन् दर थांब्यावर लेन्स पुसा. उन्हाळ्यात धूळ बसते तेव्हा आधी फुंकर मारा, मग पुसा. खडा घासला की लेन्सवर कायमचा ओरखडा.

आपल्या जिल्ह्यातले रस्ते : कुठे, कधी?

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा अन् मानोरा हे सहा तालुके. प्रत्येक तालुक्यात दाखवण्यासारखा रस्ता आहे. फक्त ऊन कुठून येतं हे बघून निघा, कारण सूर्य समोर आला की लेन्सला काही दिसत नाही अन् तुम्हालाही.

वाशीम–मालेगाव–मेडशी–पातूर : मेडशीच्या पुढे पातूरकडे जाताना जंगल अन् घाट लागतो. पावसाळ्यात हा पट्टा जिल्ह्यातल्या सगळ्यात देखण्या पट्ट्यांपैकी एक. रस्ता साधारण उत्तरेकडे जातो, त्यामुळे सकाळी ऊन उजवीकडून अन् संध्याकाळी डावीकडून येतं. व्हिडिओसाठी हे चांगलं. पण हा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे, अकोला–नांदेडची ट्रकची वर्दळ याच मार्गाने. वळणावर थांबून कॅमेरा लावत बसू नका.

वाशीम–रिसोड : रस्ता पश्चिमेकडे जातो. सकाळी निघालात तर ऊन पाठीमागून येतं. संध्याकाळी त्याच दिशेने निघालात तर सूर्य थेट डोळ्यात. पुढे लोणार सरोवरापर्यंत जाता येतं, पण ते बुलडाणा जिल्ह्यात अन् संरक्षित ठिकाण. तिथले नियम वेगळे.

वाशीम–मंगरूळपीर–कारंजा : हा रस्ता ईशान्येकडे, म्हणजे सकाळचा सूर्य समोर. दुपारी चारनंतर निघा. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गावाजवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. अभयारण्यात चित्रीकरणासाठी वन विभागाची परवानगी लागते. बाहेरच्या रस्त्यावरसुद्धा पहाटे अन् संध्याकाळी काळवीट अन् रोही आडवे येतात. कळप दिसला तर गाडी बाजूला लावा, हॉर्न वाजवू नका, मागे पळवू नका.

मानोरा–पोहरादेवी : बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखलं जाणारं हे स्थान. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, त्यामुळे बाहेरचे लोकही येऊ लागले. रामनवमीच्या यात्रेत मात्र गर्दी एवढी असते की गाडीवरून व्हिडिओ काढायचा विचारच करू नका. त्या दिवशी गाडी लांब लावून पायी काढा.

मालेगाव–शिरपूर जैन : अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर असलेलं गाव. रस्त्याचा व्हिडिओ काढा, मंदिरात कॅमेरा न्यायचा असेल तर आधी विचारा.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. "फक्त पाच मिनिटं, एक रील" म्हणूनही चढू नका. तिथे मोटारींना १२० पर्यंतच्या वेगाची मुभा आहे, तुमची गाडी त्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वरच्या पुलावर कठड्याजवळ गाडी लावून व्हिडिओ काढणंही तसंच धोक्याचं.

हंगामाप्रमाणे धोकेही बदलतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाने वावरातली काळी माती डांबरावर येते अन् रस्ता साबणासारखा होतो. ऑक्टोबरमध्ये कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावरून चाक घसरतं. तुरीच्या फुलोऱ्यात अन् पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलल्यावर रस्ते सुंदर दिसतात, पण दिवस मावळला की मागे दिवा नसलेली ट्रॉली अन् बंडी रस्त्यावर असते. संध्याकाळी ढोरं घरी परतायची वेळ झाली की कॅमेरा बंद, डोळे उघडे.

चालवताना एकच नियम : हात लावायचा नाही

ताशी ६० चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. "रेकॉर्ड होतंय का" म्हणून दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, अन् तेवढं अंतर तुम्ही डोळे मिटून गेल्यासारखं आहे. तेवढ्यात एखादं पोर रस्त्यावर येतं, एखादी म्हैस वळते.

म्हणून रेकॉर्डिंग गाडी उभी असताना सुरू करा, उभी असतानाच बंद करा. मधे बंद पडलं तर पडू द्या. कॅमेरा हलला, वाकडा झाला, पडला तरी आधी गाडी कडेला घ्या. स्क्रीन बंद होण्याची सेटिंग लावून ठेवा, म्हणजे बघायचा मोहच होणार नाही. आजचा रस्ता उद्याही तिथेच आहे.

स्टंट अन् वेगाचे व्हिडिओ बघून पोरं भुलतात. त्यांचा शेवटही माहीत असू द्या. मे २०२३ मध्ये यमुना एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यासमोर ३०० चा वेग गाठायच्या नादात एका तरुण यूट्यूबरचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूतला एक नावाजलेला यूट्यूबर महामार्गावर चाक उचलताना पडला. त्याला अटक झाली अन् पुढे त्याचं लायसन्स १० वर्षांसाठी रद्द झालं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवणं धरलं जातं. पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायला ऑक्टोबर २०२० पासून नियमांत मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच. व्हिडिओ काढायला ती मुभा नाही.

हेल्मेट नसेल तर कलम १९४ डी प्रमाणे १००० रुपये दंड अन् तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. हेल्मेटवर आयएसआयची खूण पाहिजेच. अन् एक लक्षात ठेवा : विना हेल्मेट, ट्रिपल सीट किंवा स्टंटचा व्हिडिओ तुम्ही स्वतः टाकला तर पुरावा तुम्हीच दिलेला असतो.

आवाज, एडिटिंग अन् अपलोड

उघड्या गाडीवर माइकमध्ये फक्त वारा येतो. ४० च्या वर बोललेलं काही ऐकू येत नाही. सोपा उपाय म्हणजे चालवताना बोलूच नका. घरी आल्यावर पंखा बंद करून, शांत खोलीत मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा अन् व्हिडिओवर लावा. आपल्या वऱ्हाडी बोलीत बोला. गावाचं नाव, नदीचं नाव, पीक काय उभं आहे, रस्ता कसा आहे हे सांगितलं तर तो व्हिडिओ लोकांच्या कामाचा होतो. नुसता रस्ता पळताना किती वेळ बघणार?

सिनेमातलं गाणं लावलं तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो अन् कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, ते वापरा. एडिटिंगला इनशॉट किंवा काइनमास्टर मोबाईलवर चालतं. फुकटच्या आवृत्तीत व्हिडिओवर त्यांचा शिक्का येतो एवढंच. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून तीन-चार मिनिटं चांगली निघाली तरी पुष्कळ. मित्राला मूळ दर्जात पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कमाईबद्दल खरं सांगायचं तर यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर अन् वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एकेक जण दोन मिनिटं बघेल असं धरलं तर १ लाख २० हजार वेळा व्हिडिओ बघितला गेला पाहिजे. तेव्हा कर्ज काढून कॅमेरा घ्यायची घाई नको.

लोकांची लाज राखा

रस्ता सगळ्यांचा असला तरी रस्त्यावरची माणसं तुमच्या व्हिडिओसाठी आलेली नसतात. पाणवठ्यावरच्या बाया, शाळेतल्या पोरी, अंत्ययात्रा, भांडण हे चित्रात आलं तर कापून टाका. कोणाच्या वावरात उतरून काढायचं असेल तर विचारा, उभ्या पिकात गाडी घालू नका. गाड्यांचे नंबर अन् चेहरे जवळून दिसत असतील तर धूसर करा.

वाटेत अपघात दिसला तर व्हिडिओ नंतर, माणूस आधी. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ए प्रमाणे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती होत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात अपघात आलेला असेल तर तो ग्रुपवर टाकू नका. मूळ फाइल न कापता कार्डातच ठेवा अन् पोलिसांनी मागितली तर द्या. जखमी माणसाच्या घरच्यांना न्याय मिळायला त्या फाइलचा खरा उपयोग होऊ शकतो.

निघण्याआधी ही यादी बघा

– हेल्मेट डोक्यावर अन् पट्टा लावलेला
– रोजचा फोन खिशात, हँडलला नाही
– माउंट घट्ट, वेगळी दोरी बांधलेली
– हँडल दोन्हीकडे मोकळं फिरतंय
– नंबर प्लेट, दिवे, इंडिकेटर उघडे
– कार्ड रिकामं, बॅटरी भरलेली, लेन्स पुसलेली
– टायरची हवा, ब्रेक अन् पेट्रोल तपासलेलं
– कोणत्या रस्त्याने जाताय अन् कधी परत येणार हे घरी सांगितलेलं

यादीतली शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. घरच्यांनी वाट कुठल्या रस्त्याकडे बघायची हे त्यांना माहीत पाहिजे.